पडद्यावर दोन मिनिटं, ओळख रात्रभराची

भाऊबीज आटोपली की गोंदिया जिल्ह्यात मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस सुरू होतात. लेकी-जावई, सोयरे गावात येतात. दिवसा दंडार आणि खडीगंमत ही लोकनाट्यं रंगतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात आणि रात्री नाटक होतं. गावातली मंडळी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाट्यकंपन्यांच्या कार्यालयांत जाऊन प्रयोग ठरवून येतात. रात्री नऊ-दहाला उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाही. नामांकित नट आत आला की संवादाआधी टाळ्या-शिट्ट्या येतात. मुरलेला नट त्या ओसरेपर्यंत थांबतो, मगच तोंड उघडतो.

लाडका नट सिनेमात क्षणभर दिसला तरी चाहते का बेभान होतात, याचं उत्तर मला या मंडपात सापडतं. २०१४च्या ‘लय भारी’त रितेश देशमुखसोबत सलमान खान थोडा वेळच आला, २०२२च्या अखेरीस आलेल्या ‘वेड’मध्ये तर तो एका गाण्यापुरताच होता. अशा वेळी कथा पुढे सरकत नाही, पण प्रेक्षक त्या नटाचं आधी पाहिलेलं सगळं काम सोबत घेऊन बसलेला असतो. आल्फ्रेड हिचकॉक स्वतःच्या सिनेमांत क्षणभर दिसायचा. लोक त्याची वाट पाहण्यातच गुंततात हे कळल्यावर तो सुरुवातीलाच दर्शन देऊन मोकळा होऊ लागला. चाहत्यांच्या अधीरतेपुढे दिग्दर्शकालाही वाट बदलावी लागते, ती अशी.

पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत नट-प्रेक्षकांची ही ओळख फार खोल जाते. २०२३ साली पद्मश्री मिळालेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांनी पाच हजारांवर प्रयोगांत आठशेच्या आसपास भूमिका केल्या. असा नट गावाला घरातल्या माणसासारखा वाटतो. म्हणूनच तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ २०२२मध्ये आला, तेव्हा त्याचं मोल वेगळं होतं. सिनेमा झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांचाच आणि त्यात या रंगभूमीवरचे कलाकारही. परक्या प्रेक्षकाला जो चेहरा गर्दीतला वाटेल, त्याच्यात इथला माणूस कितीतरी जागरणं पाहतो.

मुंबई-पुण्याचे सिनेमा-मालिकांतले कलाकारही इथल्या नाटकांत येतात, जाहिरातीत त्यांचे फोटो झळकतात. लोक त्यांना मानाने पाहतात. पण प्रवाह उलटा वाहायला हवा. विदर्भात घडणाऱ्या सिनेमाने झाडीपट्टीच्या नटाला एकच प्रसंग दिला, तरी त्याचं नाव श्रेयनामावलीत ठळक द्यावं आणि जाहिरातीत त्याचा चेहराही दाखवावा. धानकापणीच्या दिवसांतही रात्रभर जागून नाटक पाहणारा हा प्रेक्षक त्या नटासाठी तिकीट काढून येईल. प्रेक्षकाचं प्रेम भूमिकेच्या लांबीवर ठरत नाही, हे इथल्या मंडपांनी कधीच दाखवून दिलं आहे.