विसण घातल्यावर पाण्यात काय होते?

पाहुण्यांना तापीकाठचा शाही किल्ला दाखवताना आपण हमामखान्यात हमखास थांबतो. छतावरची चित्रे बघून होतात, मग अंघोळीच्या पाण्याचा विषय निघतो आणि जुन्या घरातला बंब, गंगाळ आठवते. कढत पाण्यात विसण घालणे ही रोजची गोष्ट. पण निसर्गाचा एक मोठा नियम तिच्यात दिसतो.

समजा, गंगाळात ८० अंशांचे ५ लिटर पाणी आहे. त्यात २० अंशांचे १५ लिटर विसण घातले. उष्णता बाहेर गेली नाही असे धरले, तर सगळे पाणी ३५ अंशांवर येते. गरम पाण्याने सुमारे २२५ किलोकॅलरी दिल्या, गार पाण्याने तेवढ्याच घेतल्या. ऊर्जेचा हिशेब चोख जुळला. मग गेले काय? गेला तो फरक. ते पाणी आपोआप पुन्हा कढत आणि गार असे वेगळे होत नाही.

हा एकमार्गी बदल मोजणाऱ्या राशीला रुडॉल्फ क्लॉसियस यांनी १८६५ मध्ये ‘एन्ट्रॉपी’ हे नाव दिले. दिलेल्या किंवा घेतलेल्या उष्णतेला निरपेक्ष तापमानाने भागायचे. उष्णता तीच, पण गार पाण्याकडे भागाकार मोठा येतो. म्हणून गरम पाण्याची एन्ट्रॉपी जेवढी घटते, त्याहून गार पाण्याची जास्त वाढते. ऊर्जा तेवढीच असताना एन्ट्रॉपी आणखी वाढू शकत नाही, ती स्थिती म्हणजे समतोल.

तिथे पोहोचताना दोन कामे होतात. ढवळल्यावर गरम-गार पाण्याचे पट्टे एकमेकांत गुंततात, पातळ होतात. नुसत्या या गुंतण्याने एन्ट्रॉपी वाढत नाही. मग शेजारच्या पट्ट्यांत उष्णता झिरपते, आणि वाढ होते ती इथे. पहिले काम दुसऱ्याची वाट आखूड करते. म्हणून ढवळलेले पाणी पटकन सारखे होते. या दोन्ही कामांना एकाच गणिती चौकटीत बसवणाऱ्या मांडणीला फिलिप मॉरिसन यांनी १९८६ मध्ये ‘मेट्रिप्लेक्टिक’ म्हटले.

गच्चीवरच्या सोलरच्या टाकीत मात्र उलटे साधायचे असते. गार पाणी खालून घेतात, गरम वरून काढतात, ढवळू देत नाहीत. मिसळले तर मिसळण्याने एक कॅलरीही नाहीशी होणार नाही. पण थंडीतल्या सकाळी विसण घालण्याजोगे कढत पाणीही मिळणार नाही. ऊर्जा वाचवायची म्हणजे खरे तर हा फरक जपायचा.