क्षीरान्नाद बालकाची माता आणि मेदोवृद्धी

प्रसूतीनंतरच्या पहिल्या दीड महिन्यात सूतिकेची काळजी कशी घ्यावी, हे आपल्या संहितांनी सांगितले आहे आणि आपल्या घरांनीही ते जपले आहे. अभ्यंग, शेक, धुरी, पोटपट्टा, डिंकाचा लाडू, आळीवाची खीर असा सारा क्रम ठरलेला असतो. पुढे मूल रांगू लागते, उभे राहते, चालू लागते आणि घरातील सर्वांचे लक्ष त्याच्यामागे धावते. माता मात्र कोणाच्याच लक्षात राहत नाही. नेमक्या याच काळात ती आपल्या चिकित्सालयात किंवा औषधालयाच्या फळीसमोर उभी राहते आणि म्हणते, "वजन कमी करायचे काही औषध द्या."

संगमनेर शहरात आणि प्रवरा-म्हाळुंगीच्या काठच्या गावांत व्यवसाय करताना ही मागणी अलीकडे वारंवार आमच्या कानी येते. देशाचे चित्रही याहून वेगळे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या किंवा स्थूल आढळल्या, आणि त्याच वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्ताल्पता होती. हे दोन आकडे एकत्र वाचावेत. आपल्यासमोर बसलेली स्थूल माता आतून क्षीण असण्याचा संभव फार मोठा आहे. तिच्या मेदावर प्रहार करताना तिचा रसधातू आणि तिच्या बालकाचे स्तन्य यांचे काय होईल, हा या लेखाचा विषय आहे.

बालकाच्या अवस्थेवरून मातेचा विचार

सुश्रुताचार्यांनी बालकाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद आणि त्यापुढे अन्नाद. औषधयोजनेचा नियमही त्यांनी याच क्रमाने दिला आहे. क्षीरपाच्या व्याधीत औषध स्तन्य पाजणाऱ्या स्त्रीसही द्यावे, क्षीरान्नादाच्या बाबतीत दोघांना द्यावे आणि अन्नादास त्याचे त्यालाच द्यावे. मातेने घेतलेले द्रव्य स्तन्याद्वारे बालकापर्यंत पोहोचते, हे या नियमाचे गृहीत आहे. बालकाचा रोग बरा करण्यासाठी जो मार्ग आपण वापरतो, त्याच मार्गाने मातेचे लेखन द्रव्यही बालकाच्या कोष्ठात जाऊ शकते.

म्हणून स्थौल्याची तक्रार घेऊन आलेल्या तरुण स्त्रीस पहिला प्रश्न तिच्या वजनाचा नसावा. "मूल केवढे आहे आणि ते अजून अंगावर पिते का?" हा असावा. जागतिक आरोग्य संघटनाही दोन वर्षे व त्यापुढेही स्तन्यपान चालू ठेवण्यास सांगते. त्यामुळे दीड वर्षाचे मूल रात्री दोनदा पीत असेल तर ती स्त्री चिकित्सेच्या दृष्टीने स्तनदाच होय. पुष्कळदा ती स्वतःहून हे सांगत नाही, कारण मूल जेवू लागले म्हणजे आपण स्तनदा राहिलो नाही, असे तिला वाटत असते.

वजन का वाढते?

चरकाचार्यांनी अष्टौनिंदितीय अध्यायात स्थौल्याची कारणे दिली आहेत. अतिसंपूरण, गुरु-मधुर-शीत-स्निग्ध आहार, अव्यायाम, दिवास्वप्न, नित्य हर्ष, अचिंतन आणि बीजस्वभाव ही ती कारणे होत. यांतील आहाराची कारणे या मातेस तंतोतंत लागू पडतात. हर्ष आणि अचिंतन मात्र तिच्या वाट्याला क्वचितच आलेले असतात.

आहाराचा हिशेब सोपा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार स्तनदा मातेस पहिल्या सहा महिन्यांत दररोज ६०० आणि पुढील सहा महिन्यांत ५२० कॅलरी अधिक लागतात. वर्षानंतर मूल जेवू लागते, दूध कमी होते आणि ही वाढीव गरजही उतरते. ताट मात्र तेवढेच राहते. दीड महिन्यासाठी सांगितलेले तुपातले लाडू कौतुकाने वर्ष-दीड वर्ष चालू राहतात. मुलाच्या वाटीत उरलेला वरणभात, अर्धे बिस्कीट, खिरीचा घोट हे "वाया जाऊ नये" म्हणून आईच्याच पोटात जाते आणि कोणत्याही जेवणात मोजले जात नाही. आपला तालुका दुधाचा आणि उसाचा. दिवसाला सहा कप चहा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली तरी ती साठ ग्रॅम होते. म्हणजे दुधाखेरीज निव्वळ साखरेच्याच सुमारे २४० कॅलरी.

श्रमाचे स्वरूपही पाहावे. मुलामागे दिवसभर धावणाऱ्या स्त्रीस "तुला व्यायाम नाही" असे म्हटले तर तिला ते लागते, आणि ते योग्यही नाही. तिला थकवा भरपूर असतो, परंतु सलग, श्वास वाढविणारी चाल क्वचितच असते. शहरातील विडी वळणाऱ्या भगिनी मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास एका जागी बसतात आणि मूल शेजारीच खेळत असते. तेथे तर थकवा आणि अव्यायाम एकत्रच नांदतात.

निद्रेचा प्रश्न

येथे वाचकांस एक शंका येईल. चरकाचार्यांनी स्थूल रुग्णास प्रजागर, म्हणजे जागरण, हळूहळू वाढविण्यास सांगितले आहे. ही माता तर वर्षभर जागतच आहे. मग तिचा मेद का वाढावा?

उत्तर त्याच अध्यायातील निद्राविचारात सापडते. रात्रीचे जागरण रूक्ष आणि दिवसाची झोप स्निग्ध, असे तेथे म्हटले आहे. जागरणाने या मातेचा वात वाढतो. ती दुपारी जेवून मुलाशेजारी दोन तास झोपते, तेव्हा भुक्तोत्तर दिवास्वप्नाने कफ आणि मेद वाढतात. रात्री रौक्ष्य व दिवसा अभिष्यंद अशा दुहेरी कात्रीत तिचा अग्नी विषम होतो आणि अवेळी गोड खाण्याची इच्छा बळावते. चिकित्सेत सांगितलेला प्रजागर हा निश्चिंत, अतिनिद्र स्थूल व्यक्तीसाठी आहे, खंडितनिद्र मातेसाठी नव्हे, असे आमचे मत आहे. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही प्रसूतीनंतर सहाव्या महिन्यात दिवसाकाठी पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्या मातांमध्ये वर्षअखेर पाच किलो वा अधिक वजन टिकून राहण्याचे प्रमाण जास्त आढळले.

उपायही शास्त्रातच आहे. रात्री जितके जागरण घडले त्याच्या निम्मा वेळ सकाळी, जेवणापूर्वी झोपावे, असा वाग्भटाचार्यांचा उपदेश आहे. आपल्या घरांत सकाळी नऊ वाजता सून झोपलेली चालत नाही आणि दुपारी दोनला चालते. हा क्रम उलटा करावयाचा असेल तर वैद्याने सासूबाईंना समोर बसवून बोलावे. "हे औषधच आहे," असे वैद्याच्या तोंडून ऐकले की पुष्कळ घरांत सकाळचा एक तास मिळतो. एका रात्रीआड पतीने मुलाला सांभाळावे, हेही आम्ही चिकित्सापत्रावर लिहून देतो.

औषधापूर्वी परीक्षण

पुढील गोष्टी पाहिल्याशिवाय मेदोहर औषध लिहू नये.

१. पाळीची तारीख व मूत्राद्वारे गर्भपरीक्षण. स्तन्यपान चालू असताना पाळी न येताही गर्भ राहू शकतो. विरेचन किंवा गुग्गुळकल्प देण्यापूर्वी ही खात्री अनिवार्य आहे.

२. रक्तातील हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी. प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइडचे विकार काही स्त्रियांत प्रथमच उद्भवतात. थकवा, केस गळणे, मलबद्धता आणि वजनवाढ हे सारे "बाळंतपणामुळे" म्हणून सोडून दिले जाते.

३. गर्भनिरोधक साधन. शासकीय कार्यक्रमात २०१७ पासून 'अंतरा' हे तिमाही इंजेक्शन उपलब्ध झाले. त्याने काही स्त्रियांचे वजन वाढते. ते परस्पर थांबविण्यास सांगू नये. देणाऱ्या डॉक्टरांकडे पर्यायाची चौकशी करण्यास सांगावे.

४. उदरपरीक्षण. कित्येक स्त्रियांचे "पोट सुटणे" हे मेदामुळे नसून उदराचे मध्यवर्ती स्नायू एकमेकांपासून दूर राहिल्यामुळे असते. उताणे झोपवून मान उचलावयास सांगितल्यास मध्यरेषेत फुगवटा दिसतो. तेथे लेखन औषध निरुपयोगी. योग्य व्यायाम हवा.

५. मनाची स्थिती. रडू येणे, मुलाविषयी उदासीनता, झोपण्याची संधी असूनही झोप न लागणे ही लक्षणे असल्यास वजनाचा विषय बाजूस ठेवून प्रथम त्याची व्यवस्था करावी.

६. उंची, वजन व कमरेचा घेर. भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे अतिवजन व २५ च्या पुढे स्थौल्य मानतात. १५२ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीस ही मर्यादा अनुक्रमे ५३ व ५८ किलोच्या आसपास येते. पन्नास किलोची स्त्री लग्नाआधीच्या पंचेचाळीस किलोसाठी औषध मागत असेल तर तिला चिकित्सेची नव्हे, आश्वासनाची गरज आहे.

आहार आणि विहार

स्थौल्याच्या आहाराचे सूत्र "गुरु आणि अपतर्पण" असे आहे. पचावयास जड, म्हणून वाढलेल्या भुकेचे समाधान करणारे, तरीही मेद न वाढविणारे अन्न द्यावे. चरकांनी दिलेल्या यादीत यव, श्यामाक, कोद्रव, मुद्ग, कुलत्थ यांबरोबर जूर्णाह्व, म्हणजे आपली ज्वारी, आहे. संगमनेरच्या स्त्रीस यासाठी परदेशी ओट्सचे डबे विकत घेण्याची गरज नाही. ज्वारीची भाकरी, हिवाळ्यात बाजरी, मुगाचे वरण, हुलग्याचे माडगे, पडवळ, दोडका, शेवग्याची भाजी, आवळा आणि लोणी काढलेले ताक एवढे पुरे. दूध पूर्ण बंद करू नये. साखर बंद करावी. लाडू थांबवावेत, डाळ व कडधान्य मात्र कमी करू नये, कारण स्तन्य रसधातूचा उपधातू आहे आणि रसाचे पोषण तुटले तर तेच प्रथम आटते. मुलाचे उष्टे संपविण्याची सवय सोडण्यासाठी मुलाला आरंभी निम्मेच वाढावे आणि मागितल्यास पुन्हा द्यावे.

डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोहोचविलेली दोन वेळा जेवण्याची पद्धत अनेक घरांत पाळली जाते. पती व सासरे पाळतात म्हणून स्तनदा सूनही तीच सुरू करते. आमच्या मते मूल अंगावर पीत असेपर्यंत तिने दीर्घ उपवास टाळावेत. चरकोक्त दशविध लंघनांपैकी या अवस्थेत पाचन आणि व्यायाम हे दोनच प्रकार निर्धास्तपणे वापरण्याजोगे आहेत. शोधन, पिपासानिग्रह आणि उपवास यांची वेळ पुढे येईल.

व्यायामासाठी आठवड्यास १५० मिनिटे चालणे हे आजचे सर्वमान्य प्रमाण आहे. सलग तीस मिनिटे मिळत नसतील तर दहा-दहा मिनिटे तीनदा चालावे. मूल कडेवर नव्हे, घरच्यांजवळ ठेवून चालावे. एकाच कुशीवर मूल घेतल्याने कटिशूल वाढतो.

द्रव्यनिवड

चरकांचा लेखनीय गण आणि स्तन्यशोधन गण शेजारी ठेवून वाचला तर मुस्ता व कटुकी ही द्रव्ये दोन्हींत आढळतात. स्थौल्यचिकित्सेत सांगितलेली गुडूची व शुंठीही स्तन्यशोधन गणात आहेत. म्हणजे मेदावर कार्य करणारी आणि स्तन्यास प्रतिकूल नसणारी द्रव्ये आचार्यांनीच आपल्या हाती दिली आहेत. क्षीरान्नाद अवस्थेत मुस्ता, गुडूची व शुंठी यांवर आमचा भर असतो. कटुकी भेदन असल्याने अल्प मात्रेत, बालकाच्या मलाकडे लक्ष ठेवून वापरावी.

नवक गुग्गुळ, मेदोहर गुग्गुळ, तसेच पारद व ताम्र असलेली आरोग्यवर्धिनी ही औषधे मूल पूर्ण अन्नाद होऊन स्तन्यपान थांबेपर्यंत राखून ठेवावीत. सोनामुखीयुक्त चूर्णांनी रोज चार वेळा पातळ शौच होऊन उतरणारे वजन पाण्याचे असते. चौदा महिन्यांच्या मुलाची एक माता असे चूर्ण तीन आठवडे घेऊन आमच्याकडे आली. वजन अडीच किलो उतरले होते, पण चक्कर येत होती आणि दूध निम्म्यावर आले होते. चूर्ण थांबविल्यावर महिन्याभरात वजन पूर्ववत झाले. दूध पूर्ववत होण्यास त्याहून अधिक काळ लागला.

औषधालयधारकांस विनंती

औषध व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत स्थौल्याचा समावेश आहे. "महिन्यात दहा किलो" असा फलक दुकानावर लावणे हा केवळ नीतीचा प्रश्न नाही, तो कायद्याचा भंग आहे. 'सिब्युट्रामिन' हे वजन घटविणारे रसायन भारतात २०११ पासून बंद आहे. तरी "वनौषधी" म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात त्याची भेसळ जगभर वारंवार पकडली गेली आहे. परवाना क्रमांक, घटकद्रव्ये आणि उत्पादकाचा पत्ता नसलेले पाकीट कितीही खपत असले तरी ठेवू नये. आणि तरुण स्त्रीने मेदोहर औषध मागितल्यास देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: मूल अंगावर पिते का? पाळी केव्हा आली? दुसरे कोणते औषध चालू आहे? यांपैकी एकाही उत्तराने शंका आली तर तिला वैद्याकडे पाठवावे. त्या दिवशीची एक विक्री जाईल. ते कुटुंब कायमचे जोडले जाईल.

एकाच कागदावर दोन वजने

या रुग्णांसाठी आम्ही एक साधी पद्धत ठेवली आहे. दर महिन्यास एकाच दिवशी माता व बालक या दोघांची वजने घ्यावयाची आणि एकाच कागदावर शेजारी-शेजारी लिहावयाची. बालकाचे वजन अंगणवाडीच्या नोंदीशी ताडून पाहावे. मातेचे महिन्यास एक ते दीड किलो उतरावे आणि बालकाची रेषा चढती राहावी, तर चिकित्सा योग्य चालली आहे. बालकाची रेषा आडवी झाली तर मातेचे वजन कितीही सुरेख उतरत असले तरी थांबावे, आहार वाढवावा आणि कारण शोधावे. असा कागद हाती असला की मातेची घाई आपोआप कमी होते. आपण केवळ बारीक होत नसून मुलासह निरोगी होत आहोत, हे तिला दर महिन्यास डोळ्यांनी दिसते.