रेस्पिरेटरी थेरपिस्टचा रेझ्युमे : येणारे काम कागदावर दिसले पाहिजे

रेस्पिरेटरी थेरपीचे शिक्षण पूर्ण करून नोकरी शोधणारे अनेक तरुण-तरुणी रेझ्युमेत एकच साचा वापरतात : ‘मेहनती, प्रामाणिक, टीमवर्कची आवड’. इंटर्नशिपमध्ये ज्यांनी रात्र-रात्र आयसीयूत काढली, त्यांच्या कागदावर व्हेंटिलेटर हा शब्दही नसतो. घरात पहिल्यांदाच कोणी या क्षेत्रात आलेले असेल, तर हे सांगणारेही जवळ कोणी नसते. म्हणून आम्ही येथे काही मुद्दे मांडत आहोत.

कामाचे नाव लिहा

‘व्हेंटिलेटरचे ज्ञान’ एवढ्याने भागत नाही. व्हॉल्यूम कंट्रोल, प्रेशर कंट्रोल, प्रेशर सपोर्ट यांपैकी कोणते मोड हाताळले ते लिहा. सीपॅप, बायपॅप, हाय फ्लो ऑक्सिजन, एबीजी नमुना घेणे व रिपोर्ट समजणे, सक्शन, ट्रेकिऑस्टॉमीची काळजी, नेब्युलायझेशन, स्पायरोमेट्री, रुग्णाला व्हेंटिलेटरवरून हळूहळू सोडवणे ही सगळी स्वतंत्र कौशल्ये आहेत. काम कुठे केले तेही सांगा : मोठ्यांचा आयसीयू, नवजात शिशूंचा एनआयसीयू की इमर्जन्सी विभाग. नवजात बाळाचा व्हेंटिलेटर सांभाळणे आणि प्रौढ रुग्णाचा सांभाळणे, यांत मोठा फरक आहे.

तीन पायऱ्या ठेवा

प्रत्येक कौशल्यापुढे खरे काय ते लिहा : ‘स्वतः केले’, ‘देखरेखीखाली केले’ किंवा ‘फक्त पाहिले’. इंट्युबेशनच्या वेळी तुम्ही ट्यूब व सक्शन तयार ठेवले असेल, तर ‘इंट्युबेशनमध्ये सहाय्य’ लिहा. ‘इंट्युबेशन केले’ लिहू नका. मुलाखतीत एका प्रश्नात खोटे उघडे पडते. ते उघडे पडले नाही, तर धोका आणखी मोठा. अलार्म वाजत असताना तुमच्या कागदावर विश्वास ठेवून कोणी तुम्हाला रुग्णापाशी एकटे सोडेल. तिथे श्वास रुग्णाचा असतो.

उलट चूकही तितकीच वाईट. जे रोज केले ते ‘त्यात काय विशेष’ म्हणून गाळू नका. संकोचापायी आपण स्वतःच आपली संधी कमी करतो.

प्रमाणपत्रे आणि नोंदणी

बीएलएस, एसीएलएस यांची मुदत साधारण दोन वर्षांची असते. म्हणून मुदत कधी संपते ती तारीख लिहा. आरोग्य क्षेत्रातील अशा सहयोगी व्यवसायांसाठी 2021 मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदा केला आहे. त्याखाली नोंदणी झाली असेल, तर क्रमांक द्या.

काय लिहू नये

खासगी रुग्णालयाच्या रेझ्युमेत जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय यांची गरज नाही. सरकारी भरतीत प्रवर्गाची माहिती अर्जाच्या ठरलेल्या रकान्यात भरायची असते आणि प्रमाणपत्र सोबत जोडायचे असते. रुग्णाचे नाव, फोटो किंवा केसपेपर तर कुठेही देऊ नका.

नवख्या उमेदवाराला एक पान पुरते. कौशल्ये वर घ्या, शाळेचे गुण खाली.

कार्यकर्त्यांना एक विनंती. वस्तीत कोणी नर्स, टेक्निशियन किंवा थेरपिस्ट असेल, तर एका रविवारी त्यांना विहारात बोलवा आणि नव्या मुलांचे रेझ्युमे त्यांच्याकडून वाचून घ्या. तासाभराचे काम आहे. पण त्या तासासाठी बाहेर कुणी पैसे मोजते, तर कुणाला तो मिळतच नाही.