कागदावर लेसरने सर्किट: कोळशाच्या रेषेतून वीज कशी धावते?

बिघडलेला मोबाइल किंवा कॉम्प्युटर उघडला की आत हिरवी पाटी दिसते. काचेचे धागे आणि रेझिनची ती पाटी मातीत कुजत नाही. भंगारात गेल्यावर तांबं काढण्यासाठी ती अनेकदा जाळली जाते. हा धूर भंगाराचं काम करणाऱ्यांच्या आणि आसपासच्या मुलाबाळांच्या छातीत जातो. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला. त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची आहे.

म्हणून प्रश्न असा की, निदान काही साधे भाग कागदावर बनवता येतील का? उत्तर आहे ग्राफीन.

पेन्सिलीच्या शिशातलं ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या थरांची चळत. त्यातला अणूएवढ्या जाडीचा एकच थर म्हणजे ग्राफीन. त्यातून वीज सहज वाहते. मँचेस्टर विद्यापीठात २००४ मध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोवोसेलोव्ह यांनी चक्क चिकटपट्टीने तो वेगळा केला. २०१० चं नोबेल त्यांना मिळालं.

पुढे २०१४ मध्ये अमेरिकेच्या राइस विद्यापीठातल्या जेम्स टूर यांच्या गटाने पॉलिइमाइड प्लास्टिकवर लेसर फिरवून थेट सच्छिद्र ग्राफीन तयार केलं. लेसर कुठला? आपल्याकडे लाकूड, अॅक्रिलिक कापायला वापरतात तसलाच. २०१८ मध्ये याच गटाने कागद, कापड, ब्रेड आणि नारळावरही ते करून दाखवलं.

आता कागद जळून राख कसा होत नाही? त्याला आधी आग रोखणारं द्रव्य लावतात. लेसरच्या पहिल्या फेरीत कागदाचा वरचा थर कोळसा होतो. पुढच्या फेरीत त्याच कोळशातल्या कार्बनची ग्राफीनमध्ये नव्याने मांडणी होते. लेसर जिथे फिरला तिथे काळी, वीज वाहणारी रेषा उमटते. बाकी कागद तसाच राहतो.

यातून ओलावा किंवा ताण ओळखणारे सेन्सर आणि वीज साठवणारे छोटे सुपरकपॅसिटर बनतात. पण उगाच हुरळून जायला नको. तांब्याइतकी चांगली वीज यातून वाहत नाही आणि मोबाइलची चिप काही कागदावर उतरणार नाही. फायदा आहे तो एकदा वापरून टाकायच्या वस्तूंमध्ये.

मुलांना हे घरीच दाखवता येईल. मऊ, काळ्या ६बी पेन्सिलीने कागदावर दोन जाड, छोट्या पट्ट्या गिरवा. त्यांच्या मध्ये एलईडी आणि बाहेरच्या टोकांना ९ व्होल्टची बॅटरी जोडा. दिवा मंद लागेल. न लागल्यास एलईडी उलटा करून पाहा. घरातल्या विजेच्या प्लगला मात्र हे कधीच जोडू नका.