विष्णुपुरी : गोदाकाठचे ज्ञानतीर्थ

कार्तिक शुद्ध पंचमीस व्यापारी लाभपंचमी साजरी करून नव्या वहीत मुहूर्ताची नोंद करतो, आणि त्याच दिवशी श्वेतांबर परंपरेत ज्ञानपंचमीनिमित्त ग्रंथांचे पूजन होते. लाभ आणि ज्ञान यांची तिथी एकच असावी, हे अर्थपूर्ण आहे. नांदेड शहरातून गोदावरी ओलांडून लातूरच्या रस्त्याला लागल्यावर येणारे विष्णुपुरी पाहिले की या तिथीचे स्मरण होते.

निजामी राजवटीत मराठवाड्यातील उच्च शिक्षणाची वाट हैदराबादकडे जात असे. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. मराठी घरातील मुलाला भाषा आणि अंतर असे दोन्ही अडसर ओलांडावे लागत. 17 सप्टेंबर 1948 रोजी हा प्रदेश मुक्त झाला. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ मूळचे शिक्षक. त्यांच्या प्रेरणेने 1950 साली नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. पुढे 23 ऑगस्ट 1958 रोजी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. तथापि किनवट, देगलूर किंवा उदगीरच्या विद्यार्थ्याला औरंगाबादही दूरच होते. एखाद्या दाखल्यासाठी प्रवास व मुक्काम यांचा खर्च सोसणे सामान्य कुटुंबाला जड जाई.

विष्णुपुरीचे नाव प्रथम गाजले ते गोदावरीवरील प्रकल्पामुळे. शंकरराव चव्हाण यांच्या स्मृतीने तेथील जलाशय ‘शंकरसागर’ म्हणून ओळखला जातो. पाण्यामागोमाग विद्याही आली. 1981 साली राज्य शासनाने सुरू केलेले श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आज स्वायत्त संस्था म्हणून येथे नांदते. ज्या नांदेडने उस्मानशाही मिलचे वैभव पाहिले, तेथे वस्त्रतंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम असावा, हे कापूसपट्ट्याला साजेसेच. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही कालांतराने विष्णुपुरीतच स्थिरावले.

1993 च्या सप्टेंबरअखेर किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिवचा भाग हादरला. पुढल्या जानेवारीत औरंगाबादच्या विद्यापीठाचा नामविस्तार झाला, आणि 17 सप्टेंबर 1994 या मुक्तिदिनी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ अस्तित्वात आले. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविलेले डॉ. जनार्दन वाघमारे पहिले कुलगुरू झाले. नांदेड, लातूर आणि परभणी हे तीन जिल्हे प्रारंभी त्याच्या कक्षेत होते. 1999 मध्ये परभणीतून हिंगोली वेगळा झाल्यावर ते चार झाले.

स्वतंत्र विभागांऐवजी परस्परसंबद्ध विषयांची ‘संकुले’ करण्याची पद्धत या विद्यापीठाने स्वीकारली. वाणिज्य व व्यवस्थापन, संगणकशास्त्र, जीवशास्त्रे, भूशास्त्र, भाषा, माध्यमशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र अशी संकुले ‘ज्ञानतीर्थ’ परिसरात उभी राहिली. लातूर व परभणी येथे उपकेंद्रे निघाली, तर किनवटच्या आदिवासी भागासाठी संशोधन केंद्र झाले. विद्यापीठ विद्यार्थ्यापर्यंत चालत जाऊ लागले.

या वाढीशी व्यापारी कुटुंबांचा संबंध काय? संबंध अगदी घरचा आहे. आज मोंढ्यातील अनेक पेढ्यांवर वडील एकटे दिसतात. मुले पुण्या-मुंबईस शिकावयास गेली आणि तेथेच रमली. त्यात त्यांचा दोष नाही. पण गावाजवळच्या शिक्षणाची चौकशीही न करता ‘येथे काय आहे’ असे म्हणण्याची सवय आपल्याला लागली. मुलींच्या बाबतीत तर अंतराचे कारण पुढे करून पदव्युत्तर शिक्षण अनेकदा सोडून दिले जाते. ज्या घरांना मुलीस दूर पाठविणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी विष्णुपुरी हे उत्तर आहे.

आहार, औषध, अभय आणि ज्ञान ही चार दाने आपल्या परंपरेने सांगितली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापून यांतील ज्ञानदानाचे व्रत जन्मभर चालविले. ते जैन कुळात जन्मले होते, पण त्यांच्या वसतिगृहाचे दार सर्व जातिधर्मांच्या मुलांस उघडे होते. मंदिराच्या जीर्णोद्धारास आपण उदार हाताने देतो. त्यातील थोडा वाटा खेड्यातून विष्णुपुरीस आलेल्या एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या खानावळीस वा पुस्तकांस मिळाला, तर तेही ज्ञानपूजनच ठरेल.

येत्या ज्ञानपंचमीस वहीवर ‘शुभ-लाभ’ लिहिताना एक पान अशा खर्चासाठी राखून ठेवावे. खतावणीत ती रक्कम नावे पडेल. पण पिढीच्या हिशेबात ती जमेचीच बाजू असेल.