भरतीच्या आधी एचआयव्ही चाचणी : भीती बाजूला ठेवा, दिवस मोजा

पहाटे साडेचारला तुमसर, पवनी, साकोली, लाखांदूरच्या रस्त्यांवर भरतीची पोरं धावताना दिसतात. आता मुलीही दिसतात. लेखी परीक्षा, सोळाशे मीटरची धाव, पुल-अप्स आणि मग मेडिकल. आपल्या समाजाला सैन्याची ओढ जुनी आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार होते. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. त्यामुळे एखादा मुलगा मेडिकलपर्यंत पोहोचला की घरच काय, सगळी वस्ती निकालाची वाट पाहते.

अशा वेळी काही मुलांची झोप वेगळ्याच कारणाने उडते. "दोन वर्षांपूर्वी संबंध आले होते. निरोध वापरला नव्हता. रक्त तपासले आणि काही निघाले तर? घरी कळले तर?" हा प्रश्न आईवडिलांना विचारता येत नाही आणि मित्रांना विचारला तर थट्टा होते. मग मोबाईलवर शोध सुरू होतो, नाहीतर 'गुप्तरोगावर हमखास इलाज' अशा भिंतीवरच्या जाहिरातीचा नंबर लावला जातो. आमचे सांगणे एवढेच आहे : एचआयव्हीची पहिली चाचणी भरतीच्या रांगेत होऊ देऊ नका. ती आधीच, स्वतःहून, आपल्या जिल्ह्यात करून घ्या.

चाचणी काय सांगते

नेहमीच्या चाचणीत एचआयव्ही विरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे रक्तात आहेत का, एवढेच पाहतात. तुमचे संबंध कोणाशी आले, किती जणांशी आले, कधी आले, यातले काहीही रक्तात दिसत नाही. तेव्हा 'मेडिकलमध्ये सगळे उघडे पडेल' ही भीती मनातून काढून टाका.

एचआयव्ही पसरतो तो निरोधाशिवायच्या लैंगिक संबंधातून, बाधित रक्तातून, एकमेकांच्या वापरलेल्या सुई-सिरिंजमधून आणि आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने, एका बराकीत झोपल्याने, हस्तांदोलनाने किंवा डास चावल्याने तो होत नाही. एका संबंधातून लागण होईलच असेही नाही. पण तोंडाकडे पाहून काही कळत नाही, कारण लागण झालेल्या माणसाला कित्येक वर्षे काहीच त्रास होत नाही. त्यामुळे 'ती चांगल्या घरची आहे' किंवा 'मी तर रोज दहा किलोमीटर धावतो' हा पुरावा नव्हे. पुरावा फक्त चाचणीचा. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

दिवस कसे मोजायचे

लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसेपर्यंत काही काळ जातो. याला विंडो पीरियड म्हणतात. साध्या चाचणीसाठी तो ३ महिन्यांपर्यंत धरतात. शेवटच्या जोखमीच्या संबंधापासून ३ महिने पूर्ण झाल्यावर चाचणी निगेटिव्ह आली, तर त्या संबंधाची चिंता संपली. संबंध दोन वर्षांपूर्वीचा असेल आणि नंतर जोखीम घेतली नसेल, तर एकच चाचणी पुरेशी आहे. दर महिन्याला पुन्हा पुन्हा रक्त तपासत बसू नका. संबंध अलीकडचा असेल तर आज एकदा आणि ३ महिन्यांनी पुन्हा तपासा.

संबंधाला अजून ७२ तास झाले नसतील, तर थांबू नका. ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठा. लागण टाळण्यासाठी २८ दिवस घ्यायची औषधे असतात. ती जितक्या लवकर सुरू होतील तितकी चांगली. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही.

कुठे जायचे

भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात जाऊन 'आयसीटीसी' विचारा. आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र. तुमच्या तालुक्यातली सोय कुठे आहे, हे १०९७ या मोफत हेल्पलाइनवर कळते. चाचणी मोफत असते. आधी समुपदेशक बोलतात, मग तुमच्या संमतीने रक्त घेतात. वय १८ पूर्ण नसेल तर पालकांची संमती लागते, तेव्हा हे समुपदेशकांशी आधी बोलून घ्या. पहिल्या किटवर दोष दिसला म्हणून लगेच कोणाला पॉझिटिव्ह ठरवत नाहीत. तीन वेगवेगळ्या किटवर खात्री करतात. त्याच फेरीत गरमी आणि कावीळ-ब यांच्या तपासणीचेही विचारून घ्या.

गुप्ततेला कायद्याचा आधार आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी करणे आणि निकाल इतरांना सांगणे याला त्याने बंदी घातली आहे. कायद्यात दिलेले अपवाद मोजकेच आहेत.

एक विनंती मात्र आवर्जून. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला आपल्याकडे रक्तदान शिबिरे होतात. 'रक्त दिले की आपोआप कळेल' म्हणून तिथे जाऊ नका. विंडो पीरियडमधले रक्त तपासणीत सुटू शकते आणि ते एखाद्या बाळंतिणीला चढू शकते. शंका असेल तर आधी आयसीटीसी, रक्तदान नंतर.

पॉझिटिव्ह आले तर

आयुष्य संपत नाही. एआरटीची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात आणि निदान होताच सुरू करतात. ती रोज नियमित घेतल्याने रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. असा माणूस नोकरी करतो, लग्न करतो, म्हातारा होतो.

सैन्याचे वैद्यकीय निकष कडक आणि वेगळे असतात. कोणत्या तपासण्या होणार ते त्या त्या भरतीची अधिसूचना वाचून पाहा. अपात्र ठरवले तर फेरतपासणी मागता येते. पण वर्दी हुकली म्हणजे सगळ्या वाटा बंद झाल्या असे नाही. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका सार्वजनिक उपक्रमातील मजुराच्या प्रकरणात सांगितले, की काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून रोजगार नाकारता येणार नाही. २०१७ च्या कायद्याने नोकरीची अट म्हणून एचआयव्ही चाचणी लादणे भेदभाव ठरवले. २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका एचआयव्हीबाधित जवानाला बढतीचा हक्क मिळवून दिला.

आणि जोडीदाराचे काय? कोणाकडून कोणाला लागण झाली, हे या चाचणीत कळत नाही. म्हणून दोष देत बसू नका. 'तूही तपासून घे' एवढे सांगा. स्वतः बोलणे जड जात असेल तर समुपदेशक मदत करतात.

काही मुले मनात म्हणतात, आपण शील मोडले, आता हे भोगायचेच. एचआयव्ही हा विषाणू आहे, शिक्षा नाही. शील पुढच्या वागण्यासाठी आहे. मागच्याची भीती धरून चाचणी टाळण्यासाठी नाही. आईवडिलांनाही आमचे सांगणे आहे, मुलगा काही विचारू लागला तर आधी ऐकून घ्या. धावण्याचा सराव सहा महिने आधी सुरू होतो. ही चाचणीही त्याच यादीत घाला.