रेडिएटर थंड का राहतो? डार्मश्टाटमधील भाडेकरूंसाठी हिवाळ्याआधीची उजळणी

ऑक्टोबर सुरू झाला की डार्मश्टाटमधील घराघरांत थर्मोस्टॅटचे कान पिळले जातात आणि काही घरांतून एकच तक्रार ऐकू येते: बाकीच्या खोल्या ऊबदार आहेत, पण एका खोलीतला रेडिएटर गार तो गारच. येथील तांत्रिक विद्यापीठात, मेर्कमध्ये किंवा युरोपीय अवकाश संस्थेच्या नियंत्रण केंद्रात काम करणाऱ्या आपल्या मंडळींना यंत्रांचे वावडे नाही. तरीही हे घरगुती यंत्र आपल्यापैकी बहुतेकांनी मायदेशी पाहिलेले नसते. मग कोणी स्वेटरवर स्वेटर चढवून गप्प बसतो, तर कोणी विजेचा हीटर आणतो. दोन्ही मार्ग अखेरीस महागात पडतात. रेडिएटर नेमका कोठे गार आहे हे हाताने चाचपले, तर बहुतेक वेळा दोष कळतो. तो आपल्या आवाक्यातला नसेल, तर घरमालकाला कळवणे हे भाडेकरूचे कायदेशीर कर्तव्य आहे.

आकडा कशाचा?

तळघरातील बॉयलर पाणी तापवतो, पंप ते नळ्यांतून वर ढकलतो आणि रेडिएटरमध्ये उष्णता देऊन ते परत खाली जाते. थर्मोस्टॅटवरील आकडा पाण्याचे नव्हे, तर खोलीचे तापमान ठरवतो. 3 म्हणजे सुमारे 20 अंश सेल्सियस. पुढे-मागे प्रत्येक आकड्याला साधारण 4 अंशांचा फरक. म्हणून 5 वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, ती फक्त 28 अंशांपर्यंत तापत राहते. हवे ते तापमान गाठले की व्हॉल्व्ह मिटतो आणि रेडिएटर निवतो. त्यामुळे खोली ऊबदार असताना रेडिएटर वर गरम आणि खाली कोमट लागणे हा दोष नव्हे. थर्मोस्टॅटवर जाड पडदा किंवा सोफ्याची पाठ आली असेल, तर मात्र त्याला आडोशाची ऊबच खोलीची ऊब वाटते आणि तो अवेळी मिटतो. आधी तो मोकळा करावा.

हाताला काय लागते?

घरातील सगळेच रेडिएटर गार असतील, तर शेजाऱ्यांना विचारावे. त्यांच्याकडेही तीच स्थिती असेल, तर दोष बॉयलरचा किंवा पंपाचा आहे. तेथे आपण हात घालू नये. केवळ रात्री गारठा जाणवत असेल, तर बहुधा यंत्रणा रात्रीपुरती मंद केलेली असते.

एकच रेडिएटर पूर्ण गार आणि बाकीचे गरम असतील, तर संशय व्हॉल्व्हच्या पिनवर घ्यावा. उन्हाळाभर थर्मोस्टॅट बंद राहिला की ही पिन आत दबून अडकते. थर्मोस्टॅट 5 वर नेऊन त्याची कडी सैल करावी आणि डोके काढावे. दिसणारी पिन एखाद्या कठीण, सपाट वस्तूने हलकेच दाबावी. ती काही मिलिमीटर आत जाऊन आपोआप बाहेर यायला हवी. पक्कडीने ती ओढू नये. निघून आली तर पाण्याची चिळकांडी उडेल.

रेडिएटर खाली गरम, वर गार आणि आतून गुळगुळ आवाज येत असेल, तर हवा अडकली आहे. बाउमार्क्टमध्ये चौकोनी भोकाची छोटी किल्ली अल्प किमतीत मिळते. शक्य असल्यास हाउसमाइस्टरला सांगून पंप थोडा वेळ बंद करून घ्यावा. थर्मोस्टॅट पूर्ण उघडून, खाली भांडे धरून, वरच्या बाजूचा स्क्रू अर्धा फेरा डावीकडे फिरवावा. फुस्स आवाज थांबून पाण्याची सलग धार आली की लगेच बंद करावा. पाणी काळे आणि कढतही असू शकते, म्हणून चेहरा दूर ठेवावा. हवा सोडल्यावर यंत्रणेतील दाब उतरतो, तेव्हा हाउसमाइस्टरला तसे कळवावे. दर काही आठवड्यांनी हवा भरत असेल, तर गळती किंवा दाबाचा दोष शोधणे मालकाकडे आले.

खोली थंड असूनही रेडिएटरचा खालचा भाग गारच राहत असेल, तर परतीचा व्हॉल्व्ह मिटलेला असतो किंवा आत गाळ साचलेला असतो. हे तंत्रज्ञाचे काम.

बॉयलरजवळची घरे तापतात आणि वरच्या मजल्यावरील शेवटची खोली गार राहते, तेव्हा प्रत्येक रेडिएटरला मिळणाऱ्या पाण्याचे प्रमाण बिघडलेले असते. त्याच्या जुळणीला जर्मनमध्ये हिड्राउलिशर आबग्लाइश म्हणतात. 2022 च्या गॅसटंचाईत सरकारने गॅसवरील केंद्रीय यंत्रणा असलेल्या, सहा किंवा अधिक घरांच्या इमारतींना ही जुळणी बंधनकारक केली होती. शेवटची मुदत 15 सप्टेंबर 2024 होती. आपल्या इमारतीत ती झाली का, हे अवश्य विचारावे.

आणि रेडिएटर पूर्ण तापूनही खोली गार असेल, तर ऊब भिंती आणि खिडक्यांतून निसटते आहे. याच शहरातील क्रानिखश्टाइन भागात 1991 पासून लोक राहत असलेले पहिले पासिवहाउस आहे. त्या पद्धतीच्या घराला वर्षाकाठी दर चौरस मीटरला 15 किलोवॅट-तासांपेक्षा अधिक उष्णता लागू नये, असा निकष आहे. जुन्या, सुधारणा न केलेल्या घराला त्याच्या दहापटही लागू शकते.

गप्प बसू नये

जर्मन नागरी संहितेच्या कलम 535 नुसार घर राहण्याजोगे ठेवणे मालकाचे काम आहे. न्यायालयीन निकालांतून रूढ झालेला दंडक असा की, हिवाळ्यात दिवसा राहत्या खोलीत 20 ते 22 अंश तापमान मिळायला हवे. ते मिळत नसेल, तर कलम 536 नुसार भाडे कमी होते. मात्र कलम 536 सी दोष विनाविलंब कळवण्यास सांगते. न कळवल्यास कपातीचा हक्क जातो आणि नुकसान, उदाहरणार्थ बुरशी, वाढल्यास भरपाईही अंगावर येऊ शकते. भिडेपोटी गप्प बसणे येथे सभ्यता ठरत नाही.

तीन दिवस सकाळ-संध्याकाळ खोलीच्या मधोमध तापमान मोजून नोंदवावे. घरव्यवस्थापनाला ईमेल किंवा पत्र पाठवून दोष, तारखा, नोंदी आणि दुरुस्तीची मुदत द्यावी. भाडे स्वतःच्या अंदाजाने कापू नये. थकबाकी दोन महिन्यांच्या भाड्याइतकी झाली, तर घर तत्काळ सोडण्याची नोटीस येऊ शकते. त्यापेक्षा पूर्ण भाडे 'उंटर फोरबेहाल्ट', म्हणजे हक्क राखून, भरावे आणि भाडेकरू संघटनेचा सल्ला घ्यावा. घरात तान्हे मूल किंवा भारतातून आलेले वृद्ध आईवडील असतील, तर तेही पत्रात लिहावे, निकड वाढते.

वसंतात हंगाम संपून यंत्रणा बंद झाली, की सगळे थर्मोस्टॅट 5 वर उघडे ठेवावेत. पिन मोकळी राहते आणि पुढच्या ऑक्टोबरातील एक तक्रार कमी होते.